शरदांतील महाबळेश्वर

महाबळेश्वरीं सहकुटुंब जावयाचें म्हटलें कीं बहुतेकांस वैशाखच सुचतो. मुलांच्या सुटीची सोय खरी; पण ज्या पाण्यासाठीं हें क्षेत्र प्रसिद्ध, तें तेव्हां अगदीं क्षीण झालेलें असतें. आम्ही यंदा विजयादशमीनंतर गेलों. वर्षाकांठीं दोनशे इंचांहून अधिक पाऊस पिणारें हें साडेचार हजार फूट उंचीचें पठार आश्विनांत नुकतेंच उघडलेलें असतें. हवा धुतल्यासारखी, कड्यांवर अजून धारा. स्ट्रॉबेरी मात्र या दिवसांत नसते, मुलें हिरमुसतात.

निघण्यापूर्वीं वाद झाला तो शिध्याचा. शिधा नेला म्हणजे चूल आली, आणि चूल आली म्हणजे आम्हां जावांना डोंगर खिडकींतूनच पाहावयाचा. सासूबाईंचें सोवळें अजून कडक, तरी त्याच म्हणाल्या, "मी चार दिवस फळांवर राहीन. पोरींना फिरूं द्या."

क्षेत्र महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री व सावित्री यांचें पाणी गोमुखांतून पडतें. वेण्णा माहुलीस आणि कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळते. सावित्री तेवढी पश्चिमेचा कडा उतरून पोलादपूर-महाडावरून अरबी समुद्रास जाते. हें ऐकून सासूबाईंनीं धारेखालीं ओंजळ धरली व थोरल्या जाऊबाईंकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या माहेरीं जातें कीं हें!"

आई गेल्यापासून जाऊबाई महाडास गेल्या नव्हत्या.

चौथ्या दिवशीं आमची गाडी पुण्याकडे न वळतां आंबेनळी घाटानें खालीं उतरली.