बावीस की बत्तीस?

कोल्हापूरच्या गुजरीतले सराफ किंवा हुपरीचे चांदीवाले रेंजवर आले की एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, बारकं कुठलं घेऊ? खिशात मावंल असं." मी पिस्तूल नेमबाजी शिकवते, तेव्हा त्यांनी मलाच विचारणं रास्त आहे. निवडीला तसा फार वाव नाही. ९ मिलिमीटर आणि पॉइंट अडतीस ही निषिद्ध बोअर. सामान्य परवानाधारकासमोर मुख्यतः बावीस आणि बत्तीस उरतात.

बावीसवर माझा जीव आहे. आपल्या कोल्हापूरच्या नेमबाज राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटरचं सुवर्ण जिंकलं ते याच बोअरवर. धक्का अगदी कमी, म्हणून दुसरा नेम लगेच लागतो. पण बावीसच्या काडतुसाला मध्यभागी टोपी नसते. पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. त्यामुळे एखादं काडतूस फुसकं निघण्याची शक्यता बत्तीसपेक्षा जास्त. रिव्हॉल्व्हर असेल तर पुन्हा ट्रिगर ओढला की पुढचं काडतूस येतं. पिस्तुलात स्लाइड मागं खेचावी लागते, आणि घाबरलेल्या माणसाला ते सुचत नाही. म्हणून घ्यायचंच असेल तर मी बत्तीसचं रिव्हॉल्व्हर सांगते.

तेही हलकं आहे म्हणून घेऊ नये. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीनं २०१४ मध्ये 'निर्भीक' आणलं, बायकांना पर्समध्ये नेता यावं म्हणून, सुमारे ५०० ग्रॅमचं. पण हत्यार जितकं हलकं तितका धक्का मनगटाला जास्त, आणि नळी आखूड असली की नेमातली केसभर चूकही महागात पडते. स्पर्धेच्या पिस्तुलाचा ट्रिगर किलोभर वजनावर सुटतो; रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी चढवला नाही तर ट्रिगर कितीतरी जड जातो, आणि तो ओढताना चांगल्या नेमबाज मुलींचंही मनगट हलतं.

आमच्या २५ मीटर पिस्तूल स्पर्धेतल्या रॅपिडच्या फेरीत हात ४५ अंशात खाली धरून ७ सेकंद थांबायचं, मग ३ सेकंद टार्गेट समोर, तेवढ्यात एकच गोळी. नवख्यांचं सगळं लक्ष त्या तिनावर असतं. मी सातावर जोर देते: पाय रोवलेले, श्वास ताब्यात, नजर जिथं टार्गेट उघडणार तिथं. मर्दानी खेळाच्या आखाड्यातही पट्टा हातात येण्याआधी पवित्रे घोटून घेतात.

रस्त्यावर तर टार्गेट कुठून उघडणार हेही कळत नाही. म्हणून मी सराफांना उलट विचारते. शटर ओढताना पाठ कुणाकडं असते? रोज तीच वाट, तीच वेळ का? माल नेणार हे दुकानाबाहेर किती जणांना ठाऊक असतं? गाडीला किल्ली लावताना फोन कानाला असतो का? महाद्वार रोडच्या गर्दीत झाडलेली गोळी चोरापाशीच थांबेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. भारतीय न्याय संहितेतही (कलमं ३४ ते ४४) स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो उरत नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही.

एवढं ऐकूनही ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांना मी अडवत नाही. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, ते मनापासून घ्या म्हणते. निवडणुका लागल्या की हत्यार ठाण्यात जमा करायची वेळ येते, हेही आधीच सांगते. आणि परवाना मिळो न मिळो, आज रात्रीपासून शटर दोघांनी मिळून बंद करा, एकाचं तोंड रस्त्याकडं.