बारा आणे दुखणं

मायच्या गालातली गाठ फुटून जखम झाली, तोवर रेडिएशन आटोपलं होतं. जन्मभराची मिश्री. आजार आता हटणार नाही, घरी न्या, असं सांगणारे लातुरात पुष्कळ भेटले. चाकूरला नेऊन करायचं काय, ते मात्र वेदनाशामक ओपीडीतल्या डॉक्टरीणबाईंनीच शिकवलं.

शून्य ते दहात दुखणं किती, असं त्यांनी विचारलं. माय म्हणाली, "बारा आणे." बाईंनी तसंच लिहून घेतलं आणि पुढं दर खेपेला आण्यांतच विचारत राहिल्या.

मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी. दुखायची वाट बघायची नाही. निजताना दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. शिवाय रोज पोट साफ व्हायचं औषध, कारण या गोळीनं बद्धकोष्ठ ठरलेलंच. मामांना धास्ती, "सवय लागंल की तिला!" दुखण्याच्या मानानं मोजून दिली तर सहसा व्यसन लागत नाही, हे बाईंनी दोनदा समजावलं. मामा गप्प बसले. पटलं होतं असं नाही.

2014 साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिनच्या परवान्यांची कटकट कमी झाली म्हणतात. चाकुरात आम्हाला गोळी मिळाली नाही. संपत आली की एसटीनं लातूर गाठायचं.

पण मायला दुखण्यापेक्षा वासानं खचवलं होतं. शेजारणी उंबऱ्यातूनच विचारपूस करून जात, आणि ते तिला कळत होतं. त्यावर बाईंनी सांगितलेला उपाय अगदी साधा: मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या बारीक कुटून धुतलेल्या जखमेवर भुरभुरायच्या, वर स्वच्छ गॉज. जुलाबाला घेतो तीच स्वस्त गोळी! काही दिवसांत वास उतरला. आमचं रेडिएशन चालू असतानाच कुणी त्या ओपीडीचं दार दाखवायला हवं होतं. उपाय संपल्यावर पाठवायची जागा, असाच त्या ओपीडीबद्दल समज करून ठेवलाय, आणि तो डॉक्टरांतही आहे.

वास गेला तशा शेजारणी आत येऊन बसायला लागल्या. मायनं पहिल्याच दिवशी एकीला धरलं, "काय गं, भिशीचे पैसे कवा द्यायलीस?"