तापाचा रकाना

१९१८ सालचा फ्लू भारतात कुठून कुठे गेला, हे नकाशावर पाहता येतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. फ्लूचा विषाणू माणसात सापडला तोच मुळी १९३३ साली. त्याआधी पंधरा वर्षं ना टेस्ट होती, ना रिपोर्ट, ना रोज संध्याकाळी टीव्हीवर येणारा आकडा. पण मेलेली माणसं मोजली जात होती. सिद्धार्थ चंद्रा आणि इव्हा कासेन्स-नूर या दोन संशोधकांनी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या नऊ प्रांतांच्या २१३ जिल्ह्यांमधल्या आठवड्यागणिक मृत्यूंचा अंदाज काढला आणि त्यावरून साथीचा प्रवास मांडला. त्यांचा निबंध २०१४ साली आला. सप्टेंबर १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात उसळलेली लाट देशभर पसरत गेली. पश्चिमेला ती झपाट्याने आली, खूप माणसं घेऊन गेली आणि लवकर ओसरली. पूर्वेकडे सरकत गेली तशी ती मंदावली, लांबली आणि तिची मारण्याची ताकद कमी झाली.

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. दिवसभर दुसऱ्यांच्या डेटाचे डॅशबोर्ड बनवायचे आणि रात्री स्वतःसाठी काहीतरी खुडबुड करायची, अशी सवय आहे. त्या खुडबुडीत मी या लाटेचा एक नकाशा करायला घेतला. मुंबई, पुणे, नगर, सोलापूर गडद होत जातात आणि पुढे रंग पूर्वेला सरकतो. मधोमध मात्र एक मोठा करडा डाग तसाच राहतो. तो डाग म्हणजे निजामाचं राज्य. ते ब्रिटिश प्रांतांत नव्हतं, म्हणून त्या २१३ जिल्ह्यांतही नाही. माझा जिल्हा त्या डागात आहे. तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव.

करडा रंग मीच दिला होता. माहिती नसेल तिथे करडा, हा साधा नियम. पण नकाशा दुसऱ्या कुणाला दाखवला की तो हमखास म्हणतो, "इथे साथ आलीच नव्हती का?" प्रोग्रामिंग शिकताना पहिल्याच वर्षी सांगतात की शून्य वेगळं आणि नल वेगळं. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे मोजलंच नाही. डोळ्यांना मात्र दोन्ही सारखेच दिसतात.

साथ आली होती हे मला नकाशाच्या आधीपासून माहीत आहे, कारण आजी सांगायची. तिच्या तोंडी त्या साथीचं नाव 'मानमोडी'. तिनेही ते सासऱ्यांकडून, म्हणजे माझ्या पणजोबांकडून ऐकलेलं. पणजोबा तेव्हा नऊ-दहा वर्षांचे असतील. त्यांची आई आणि दोन बहिणी एकाच आठवड्यात गेल्या. "सकाळी पाणी आणायला गेलेली बाई संध्याकाळी नसायची," आजी म्हणायची. ती गोष्ट ती मीठ-मिरची लावून सांगत नसे. भाकरी थापता थापता सांगायची आणि पुढच्या विषयावर जायची. पणजोबांच्या आईचं नाव काय होतं, हे मी एकदा विचारलं होतं. आजीला आठवेना. "आत्याबाईंना कोण नावानं विचारणार?" एवढंच म्हणाली.

संशोधकांनी ज्या नोंदी वापरल्या त्या कशा तयार व्हायच्या, ते पाहण्यासारखं आहे. ब्रिटिश मुलखातल्या खेड्यात डॉक्टर नव्हताच. मृत्यूची नोंद करायचे गावकामगार. कुठे पाटील, कुठे कुलकर्णी, कुठे कोतवाल. कारणांचे रकाने ठरलेले होते : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, इजा आणि बाकी सगळं 'इतर'. फ्लूला रकानाच नव्हता. ड्रॉपडाउनमध्ये हवा तो ऑप्शन नसला की आपण जवळचा निवडून पुढे जातो, तसंच तेव्हाही झालं. फ्लूने गेलेली बहुतेक माणसं 'ताप' या रकान्यात जाऊन बसली. हिवतापापासून विषमज्वरापर्यंत सगळं आधीच त्या एका शब्दात कोंबलेलं असायचं.

म्हणजे नाव चुकलं होतं, आणि तरीही नकाशा झाला. कारण साधं आहे. एरवीच्या ऑक्टोबरात त्या जिल्ह्यात किती माणसं मरायची ते ठाऊक होतं. १९१८ च्या ऑक्टोबरात त्याच्या कित्येक पट मेली. हा वरचा फरक कुठल्या आठवड्यात कुठल्या जिल्ह्यात दिसू लागला, एवढं कळलं तरी साथीचा माग लागतो. मुंबईतल्या नोंदी तर आणखी तपशीलवार आहेत. १० जून १९१८ रोजी सात पोलीस शिपाई तापाने आजारी पडून इस्पितळात आले. त्यांतल्या एकाची नेमणूक गोदीत होती. ती पहिली, सौम्य लाट. दुसऱ्या लाटेत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. धान्य महाग, अंगात ताकद नाही आणि त्यात ही साथ. वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं जास्त गेली. भारतात पुरुषांपेक्षा बायका अधिक गेल्या.

एकूण किती? हा आकडा शंभर वर्षं बदलतोय. साथ चालू असतानाचे सरकारी अंदाज साठ लाखांच्या आसपास होते. १९२१ च्या जनगणनेनंतर ते दुपटीने वाढले. १९८६ मध्ये इयान मिल्स यांनी १ कोटी ७० ते ८० लाख असा अंदाज दिला. चंद्रा आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा अंदाज ब्रिटिश अमलाखालच्या भागासाठी सुमारे १ कोटी ३९ लाख आहे. आकडे भांडतात, पण भांडायला निदान वह्या आहेत.

आता सीमेच्या अलीकडे येऊ. बार्शी मुंबई इलाख्यात, सोलापूर जिल्ह्यात. तिच्या पूर्वेला निजामाची हद्द. मधून जायची बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. मुंबई-मद्रास मार्गावरच्या कुर्डुवाडीहून ती १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आली, पुढे तडवळ्यापर्यंत वाढली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. कापूस, गळिताची धान्यं, पंढरीचे वारकरी, बाजारकरी सगळे या गाडीने जायचे. ताप रेल्वेने पसरला हे तेव्हाच्या आरोग्य अधिकाऱ्यांनाही दिसलं होतं. मुंबईहून निघालेला आजारी माणूस कुर्डुवाडीला उतरून छोट्या गाडीत बसला, तर येडशी-तडवळ्यापर्यंत त्याला कुणीही अडवणार नव्हतं. हद्द ओलांडताना तापाला काही वाटलं नसेल. बदलली फक्त वही. बार्शीतला मृत्यू मुंबईच्या अहवालात गेला. तिथून पूर्वेला थोड्याच अंतरावरचा मृत्यू दुसऱ्या सरकारकडे गेला. तिथला दप्तरी कारभार उर्दूत चालायचा आणि तिथले आकडे ब्रिटिश प्रांतांच्या तक्त्यांत बसत नव्हते.

आमच्या बाजूचा एक आकडा मात्र जनगणनेत आहे. १९११ साली हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १,३३,७४,६७६ होती. १९२१ साली ती १,२४,७१,७७० झाली. दहा वर्षांत लोक वाढायचे सोडून नऊ लाखांनी कमी झाले. संबंध भारताच्या जनगणनेत लोकसंख्या घटलेलं हे एकमेव दशक. संस्थानातल्या या घटीत फ्लू आहे, प्लेग आहे, दुष्काळ आहे, पोटासाठी बाहेर गेलेले लोकही आहेत. दशकाच्या दोन टोकांना काढलेले दोन फोटो. मधला ऑक्टोबर त्यात दिसत नाही. माझी खापरपणजी आणि तिच्या दोन मुली त्या नऊ लाखांच्या वजाबाकीत कुठेतरी आहेत. तिच्यासाठी मला याहून जवळचा आकडा सापडलेला नाही.

मराठवाड्यात जुन्या नोंदी शोधणं म्हणजे काय, हे २०२३ मध्ये घराघरात कळलं. कुणबी नोंदी तपासायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्यांमधून निजामकाळातली उर्दू आणि मोडीतली दप्तरं बाहेर आली. आमच्याकडेही काकांनी पणजोबांच्या नावासाठी बऱ्याच खेपा घातल्या. एक-दोनदा मीही सोबत गेलो. लाल कापडात बांधलेली बासनं, हात लावला की कडा तुटणारे कागद आणि मोडी वाचणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांभोवती जमलेली गर्दी. प्रत्येकाला आपल्या पणजोबाची एक ओळ हवी होती. ओळ सापडली तर पुढच्या पिढीच्या फीपासून नोकरीपर्यंत बरंच काही बदलणार होतं. नोंदीला एवढी किंमत असते, हे मला कुठल्याही डेटा कॉन्फरन्सपेक्षा त्या व्हरांड्यात जास्त कळलं.

डेटाच्या बाबतीत आमचा जिल्हा तसाही त्रासदायक आहे. १९०४ पर्यंत नळदुर्ग जिल्हा, मग उस्मानाबाद. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थान, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र. १९८२ मध्ये लातूर वेगळं झालं. २०२३ मध्ये धाराशिव. तेच रान, तेच सीताफळ, तीच तुळजापूरची वाट, पण दोन वर्षांचे तक्ते जोडायला घेतले की नावं जुळत नाहीत आणि कोडमध्ये जिल्हा गळून पडतो.

पुढची मोठी साथ मला स्वतःला आठवते. २००९ चा स्वाइन फ्लू. मे महिन्यात हैदराबादेत देशातला पहिला रुग्ण निघाला, ३ ऑगस्टला पुण्यात पहिला मृत्यू झाला. मी सातवीत होतो. पुण्यातल्या शाळा बंद झाल्या तसा आत्याचा मुलगा एसटीने आमच्याकडे आला. गळ्यात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी आणि चार दिवसांनी अर्ध्या घराला ताप. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आठवड्याभरात सगळे उठले. ती साधी थंडी होती की स्वाइन फ्लू? आमच्यापैकी कुणाचीच तपासणी झाली नाही, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे व्हायचीही नव्हती. त्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने रुग्णांचे अ, ब, क असे गट केले. सौम्य लक्षणांच्या अ आणि ब गटांना तपासणीची गरज नाही, गंभीर अशा क गटालाच. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आणि मोजक्याच प्रयोगशाळा, त्यामुळे तो निर्णय व्यवहाराचाच होता. पण म्हणून २००९ चे देशातले २७,२३६ रुग्ण आणि ९८१ मृत्यू वाचताना ते तपासलेल्यांचे आकडे आहेत, हे लक्षात ठेवावं लागतं. आत्याचा मुलगा त्यात नाही.

आमच्या धंद्यातल्या लोकांना वाटलं होतं, या सगळ्या कटकटीतून सुटता येईल. २००८ मध्ये गूगलने फ्लू ट्रेंड्स सुरू केलं. लोक तापाबद्दल काय शोधतात, त्यावरून साथीचा अंदाज. डॉक्टर नको, प्रयोगशाळा नको, कारकून नको. २००९ ची साथ सुरू झाली तेव्हा त्याला ती नीट दिसली नाही. २०१२-१३ च्या हंगामात त्याने अमेरिकेतला फ्लू वाजवीपेक्षा खूप जास्त दाखवला. २०१५ मध्ये ते बंद झालं. भीतीने शोधणारा आणि तापाने फणफणलेला, दोघे एकच शब्द टाइप करतात.

मग आज माग कसा काढतात? २००४ पासून देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. त्यात तीन फॉर्म. प्रयोगशाळा एल भरते, डॉक्टर पी भरतात आणि उपकेंद्रातली आरोग्यसेविका एस भरते. एस म्हणजे फक्त लक्षणं. पूर्वी कागद आठवड्याने वर जायचा, आता नोंद थेट ऑनलाइन होते. गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा आमच्या उपकेंद्रातल्या ताईंना मी विचारलं, "ताई, फ्लू असला तर कुठं टाकता?"

"फ्लू आहे का काय आहे, ते इथं कसं कळणार?" त्या म्हणाल्या. "ताप, किती दिवसांचा. खोकला, तीन आठवड्यांच्या आतला का वरचा. एवढं टाकायचं. एखाद्या वस्तीवर एकदम वाढले की वरून फोन येतो."

शंभर वर्षांनंतरही पहिल्या पायरीवर तापाचाच रकाना आहे. आणि तो पुरतो, अट एवढीच की दर आठवड्याला, साथ असो-नसो, भरला गेला पाहिजे. एरवीचे आकडे नसतील तर वाढलेले आकडे ओळखायचे कशावरून? मृत्यूंच्या बाबतीत तर आपण अजून बरेच मागे आहोत. २०२० साली देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्क्यांचंच कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. बाकीच्यांच्या दाखल्यावर माणूस गेला एवढं कळतं, कशाने ते कळत नाही.

ताईंच्या फोनला उपकेंद्रात रेंज नसते. त्या दिवशी वस्तीवरून फिरून आल्यावर त्या मारुतीच्या पारावर गेल्या, पट्टीवर दोन काड्या दिसल्या तशा नोंदी भरायला लागल्या. ताप-खोकला, चार. मग पुढच्या वस्तीचं नाव निवडलं. तिथे कुणीच आजारी नव्हतं. तो रकाना त्यांनी रिकामा ठेवला नाही, शून्य टाकलं.