दांडीच्या किनाऱ्यावरची परीक्षा

दांडी म्हटले की १९३० चा मिठाचा सत्याग्रह आठवतो. पण ती दांडी गुजरातेतली. ही दांडी पालघर जिल्ह्यातली. बोईसरला उतरून पश्चिमेकडे गेले की लागणारे मच्छीमारांचे गाव. मीठ मात्र इथल्या हवेतही आहेच!

गळ्यात वडिलांचा जुना रेंजफाइंडर कॅमेरा होता. त्यावरची ५० मिलिमीटरची वापरलेली लेन्स दुकानदाराने चार दिवसांच्या बोलीवर दिलेली. ही घ्यावी, की दुप्पट पैसे मोजून नवी? कॅमेऱ्यातून पाहिले, तो वाळत घातलेले बोंबील कसे लख्ख दिसले! पण या कॅमेऱ्याची गंमत अशी, की आपण पाहतो ते शेजारच्या खिडकीतून, लेन्समधून नव्हे. लेन्सला बुरशी असो, की तिचे अंतराचे गणित चुकलेले असो, डोळ्यांना पत्ता नाही. चहाडी करते ती फिल्मच.

जवळच एक म्हातारे होडीची डागडुजी करीत होते. सहज विचारले, “बाबा, होडी नवी घ्यावी की जुनी?”

“जुनी घ्या की, मास्तर. पण पाण्यात घालून बघा. किनाऱ्यावर सगळ्याच होड्या कोरड्या!”

मी तेच केले. लेन्समधून विजेरीचा झोत टाकला. बुरशीचे जाळे नव्हते. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून जवळच्या-दूरच्या होड्यांवर अख्खा रोल खर्ची घातला. फोटो रेखीव आले, तेव्हाच पैसे मोजले.

आता पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांशेजारी झोपते. “माझा पापडांचा डबा गेला तो गेलाच!” इति सौभाग्यवती.