‘सोडव’ या क्रियापदाविषयी

पुणे, गुरुवार

चि. बाळ,


तरुण संघापुढे द्यायच्या संदेशाची तुझी टिपणं पोचली. ‘विश्वासाने दुष्टाईवर विजय’ हा विषय तुला नेमून दिलाय आणि तू तो पूर्ण लढाईच्या भाषेत मांडला आहेस: शत्रूचे गड, शस्त्रसामग्री, सैतानाला बांधणं, पुणे शहर प्रभूसाठी काबीज करणं. शब्द शास्त्रातलेच आहेत. इफिसकरांस पत्रात पौलाने ढाल, तलवार, शिरस्त्राण सगळं एकेक करून मोजून दिलंय, हे मला ठाऊक आहे. पण त्याच्या आधी तो एक अट घालतो, की आपलं झगडणं रक्तामांसाच्या माणसांशी नाही. ही अट आपल्या संजीवन सभांत पहिलं गाणं संपायच्या आत विसरली जाते आणि मग दुष्टाईला कुणाचा तरी चेहरा चिकटतो. कधी शेजारच्या धर्माचा, कधी आपल्याच मंडळीतल्या विरोधी गटाचा. माझं म्हणणं असं, की ख्रिस्ती विश्वासातला विजय कुणाला तरी चीत करून मिळत नाही. वाईट ज्या माणसावर मालकी सांगतं त्या माणसाला मोकळं करणं, आणि ते करताना आपण त्या वाईटासारखे न होणं, एवढाच त्याचा अर्थ आहे. ‘एवढाच’ लिहिलं खरं, पण हे काबीज करण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे.

रोजच्या प्रभूच्या प्रार्थनेपासूनच बघ. तिच्यातल्या ‘आम्हांला वाईटापासून सोडव’ या शेवटच्या मागणीत ‘वाईट’साठी जो मूळ ग्रीक शब्द आहे तो व्याकरणाने दोन्हीकडे लागतो. नपुंसकलिंगी धरला तर ‘वाईट’, पुल्लिंगी धरला तर ‘तो दुष्ट’. यावर भाषांतरकारांनी भरपूर खल केलाय. तू ‘दुष्ट’ घेतलास, माझी हरकत नाही. पण नामावर एवढी शाई खर्च करताना क्रियापदाकडे मात्र कुणी वळून पाहत नाही. मागणी आहे ‘सोडव’ अशी. मार, जाळ, हाकलून दे, यांतलं काही मागितलेलंच नाही. सोडवायचं म्हटलं की कुणीतरी अडकलेलं असावं लागतं, आणि प्रार्थनेत ते अडकलेले आपण स्वतः आहोत. हीच गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानात. सोळाव्या अध्यायात येशू आपण जगावर जय मिळवल्याचं शिष्यांना सांगतो, ते कोणत्या रात्री? त्याला धरून नेण्याच्या. पुढचा दिवस वधस्तंभाचा. पुनरुत्थानानंतरही हाताचे व्रण बुजले नाहीत, थोमाला पटवायला तेच उपयोगी पडले. विजयाचा पुरावा म्हणून जखम दाखवणारा विजेता तुझ्या टिपणातल्या गड-किल्ल्यांत कुठे बसतो ते मला सांग.

टिपणात पंडिता रमाबाईंवर तू दोन ओळी लिहिल्या आहेस, त्याही त्यांच्या केडगावच्या ‘मुक्ती’ संस्थेत १९०५ च्या जूनमध्ये झालेल्या संजीवनाबद्दल. ते मी नाकारत नाही. पण ज्याला विजय म्हणावं असं आठ वर्षं आधीच घडून गेलं होतं, आणि ते धान्याच्या पोत्यांत आणि विहिरीच्या खोदाईत घडलं म्हणून कुणाच्या नजरेत भरत नाही. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई तिथे गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली घेऊन आल्या. दुष्काळी छावण्यांभोवती मुली पळवणारे, विकत घेणारे फिरत होते, हे त्यांनी लिहून ठेवलंय. वाईट माणसावर मालकी सांगतं असं मी वर म्हटलं, ते इथे अक्षरशः पैशात मोजलं जात होतं. पुण्यात तेव्हा प्लेग. इतक्या मुली शहरात ठेवायला अधिकाऱ्यांची मनाई. मग रमाबाईंच्या विधवांसाठीच्या शाळेला, शारदासदनाला, उत्पन्न व्हावं म्हणून केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांची सोय झाली, आणि मनाईतून ‘मुक्ती’ उभी राहिली. शतक उलटलं तेव्हा तिथे हजाराहून जास्त मुली-बाया राहत होत्या. विणकाम, तेलघाणा, छापखाना हे सगळं बायकाच चालवत. रमाबाईंच्या मुलीने, मनोरमाबाईंनी, अंध मुलींना ब्रेल शिकवलं. संस्थेचं नाव नीट बघ. ‘विजय’ नाही, ‘जयध्वज’ नाही. प्रार्थनेतल्या त्याच क्रियापदाच्या अर्थाचं ते नाम आहे.

हे विश्वासाने झालं की नुसत्या दयाळू स्वभावाने, असं तू विचारशील. माझा पुरावा रमाबाईंच्या आयुष्यातच आहे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई, वडील आणि बहीण गेले. स्वतः त्या भाऊ श्रीनिवासबरोबर अर्धपोटी, अनवाणी देशभर हिंडल्या. असल्या भुकेने माणूस कडवट होतो किंवा पुढे पोटभर मिळालं की ती विसरून तरी जातो. भूक माणसावर हक्क सांगते तो असा. रमाबाईंनी ती आठवण जवळ ठेवली आणि वीस वर्षांनी तिच्याकडून काम करून घेतलं. बाप्तिस्मा १८८३ सालचा, इंग्लंडात वाँटेजला झालेला. पण आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त पुढे काही वर्षांनी सापडला, असं त्यांनीच आपल्या साक्षीत सांगितलंय. म्हणजे पाण्याच्या तारखेला विजय पदरात पडत नाही, एवढं तरी त्यांच्या साक्षीवरून मानायला हवं. मधल्या काळात वाँटेजच्या धर्मभगिनींशी त्यांचा त्रैक्यावर आणि चर्चच्या अधिकारावर कडाक्याचा पत्रव्यवहार झाला. आपल्या विवेकाचा लगाम पाळकांच्या हाती द्यायला त्या तयार नव्हत्या. आणि १८९७ च्या प्लेगात इथल्या रुग्णालयात बायकांना कसं वागवलं जातं यावर त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र छापलं, ते सरकारला झोंबलं. सरकार ख्रिस्ती राणीचं होतं. दुष्टाई नेहमी पलीकडच्या गोटात असते अशी त्यांची समजूत असती, तर हे पत्र लिहिलंच गेलं नसतं.

आता आक्षेप. पहिला तुझ्या सभेत कुणी घेणार नाही, पण पेठेतला कुठलाही वाचता माणूस घेईल: विधवांसाठी अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यातच आश्रम काढला, त्यासाठी त्यांना कुठे ख्रिस्त लागला? नाही लागला, आणि हे आपण मोकळेपणाने म्हणावं. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, शारदासदनातल्याच विद्यार्थिनी. तेव्हा हे काम एका अंगणातून दुसऱ्या अंगणात गेलं, आणि त्यात कमीपणा कुणालाच नाही. चांगुलपणावर आपली मक्तेदारी आहे असं शुभवर्तमान कुठेही म्हणत नाही, उलट चांगला शेजारी म्हणून त्यात उभा राहतो तो शोमरोनी. विश्वासाचा दावा वेगळा आहे. वाईट जिंकताना दिसत असतानाही शेवटचा शब्द त्याचा नाही, असं धरून वागता येतं, हा तो दावा. तो खरा की खोटा हे काम करणाऱ्याच्या दमावरून ठरतं, धर्माच्या शिक्क्यावरून नाही.

दुसरा आक्षेप जड आहे. भुकेल्या, पोरक्या मुलींना अन्न देणाऱ्या हातानेच बाप्तिस्मा दिला, तर त्यांनी निवड केली असं कसं म्हणायचं? याच शंकेवरून १८९३ मध्ये शारदासदनावर ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार समितीतून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. आपल्या व्याख्यानांत हे सगळे विरोधक म्हणून एका ओळीत उभे केले जातात, ते मला पटत नाही. रानडे-भांडारकर सदनाच्या जन्मापासूनचे पाठीराखे होते आणि त्यांची शंका गैर नव्हती. आश्रित मुलाच्या होकारात आश्रयाचं ओझं असतंच. रमाबाईंचा हेतू शुद्ध होता असं मी मानते, पण शुद्ध हेतूने हे ओझं नाहीसं होत नाही. म्हणून मुक्तीचा विजय बाप्तिस्म्यांच्या आकड्यात मोजू नकोस. दलालाच्या हाती पडू शकली असती अशी मुलगी खिळे जुळवून पुस्तक छापू लागली, हे आकड्याशिवायही दिसतं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं.

राहिली सैतानाला बांधण्याची गोष्ट.   २० ऑगस्ट २०१३ ला याच शहरात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं आता गुन्हा आहे, आणि तो कायदा कुठल्या देवाच्या नावाने मारलं हे विचारत नाही. दाभोलकर देव मानत नव्हते, तरी प्रश्न आपल्याही कामाचा विचारत होते: भीतीचा धंदा कोण करतो? फेफरं येणाऱ्या मुलीला उपवास-प्रार्थनेत धरून ठेवलं, तिची गोळी बंद केली आणि त्याला विजय म्हटलं, तर त्या खोलीत सोडवणारा कोण आणि बांधणारा कोण, हे जरा तपासून बघावं लागेल. दुष्टाई खरी आहे असं मी मानते. तिची सर्वांत जुनी युक्ती हीच, की तिच्याशी लढणाऱ्याला ती आपली हत्यारं उसनी देते.

वाईट संपलेलं तर दिसत नाही, असाही एक प्रश्न तुला येईल. नाही संपलं. १८९६ चा दुष्काळ ओसरला तोच १८९९-१९०० चा आला. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. एकुलती एक मुलगी आणि संस्थेची वारस. दुसऱ्या वर्षी ५ एप्रिलला रमाबाईही गेल्या. आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यात धुऊन गेली असं आपण सांगतो ती जात अजून आपल्या सोयरिकीच्या बोलण्यांत पहिल्या पाच मिनिटांत निघते. काबीज करायला निघणाऱ्याजवळ या सगळ्याला उत्तर नसतं, कारण त्याला निकाल हवा असतो. सोडवणाऱ्याला पुढचा माणूस दिसत असतो, म्हणून तो निकालावाचूनही कामाला लागतो.

तेव्हा टिपणातलं पहिलं पान काढ. शहर काबीज करण्याचं वाक्य तर काढच. आणि संदेशाआधी एक दिवस मोकळा ठेव. दौंडकडची गाडी केडगावला थांबते. मुक्ती अजून चालू आहे, बघून ये आणि मग दुसरं पान लिही.

तुझी,
आत्या