मूळ नावावरची पाटी

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. देवगडला बागेत अढ्या लागल्या होत्या, पेट्या भरायला माणसं आली होती, आणि गुरुवारी सकाळी काकांचा फोन आला. "लोक म्हणतत मेल धाडलो, माका तर एकव गावलो नाय."

काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. त्यांच्या हापूसच्या बागेची वेबसाइट मी पुण्यातून सांभाळतो. घरगुती गिऱ्हाईक फोनवरच बोलतं. पण मुंबई-पुण्याच्या काही कंपन्या वाटपासाठी एकदम वीस-तीस पेट्या घेतात आणि त्यांच्या ऑर्डरी मेलनेच येतात. हंगाम जेमतेम दीड-दोन महिन्यांचा. त्यातले चार दिवस ऑर्डरी थांबल्या तर तयार झालेला आंबा काही थांबत नाही.

सोमवारी रात्री मी साइट नव्या होस्टिंगवर हलवली होती. त्यांच्या मदतपानावर म्हटलं होतं की डोमेनला सीनेम रेकॉर्ड द्या आणि त्यात आमच्या सर्व्हरचं नाव घाला. मी तो सीनेम बागेच्या मूळ डोमेनलाच दिला. डीएनएसच्या पॅनेलने तो मुकाट्याने घेतला आणि साइट उघडली. मेल कुठे पोचवायचा हे सांगणाऱ्या एमएक्स रेकॉर्डना मी हातही लावला नव्हता. त्यामुळे दोष माझ्या बाजूचा असेल हे मनातही आलं नाही. स्पॅम पाहिलं, मेलपेटी भरली आहे का ते पाहिलं, माझ्या मेलवरून एक चाचणीपत्र पाठवलं. ते दोन सेकंदांत पोचलं. सगळं ठीक आहे, असं मी काकांना सांगून टाकलं. त्या सांगण्याची मला अजूनही रुखरुख आहे, कारण तो आख्खा दिवस त्यात गेला.

संध्याकाळी मुंबईच्या एका गिऱ्हाइकाने त्याला आलेली विलंबाची सूचना माझ्याकडे पाठवली. त्याच्या कंपनीचा मेल सर्व्हर आदल्या दिवसापासून पंचवीस क्रमांकाच्या पोर्टवर खटपट करत होता, पण आमच्या मेलसेवेच्या दारात नव्हे. तो नव्या वेबसाइटचा सर्व्हर ठोठावत होता. तिथे मेल घ्यायला कुणीच नव्हतं.

मग मी डिग हे डीएनएसला प्रश्न विचारायचं साधन घेऊन बसलो. आमच्या डोमेनच्या अधिकृत सर्व्हरला थेट एमएक्स विचारला, तर उत्तर बरोबर. घरच्या इंटरनेटच्या रिझॉल्व्हरला, म्हणजे आपल्यासाठी ही उत्तरं शोधून साठवणाऱ्या सर्व्हरला, तेच विचारलं, तर सीनेम पुढे करून होस्टिंगचं नाव, आणि एमएक्स नाहीच. एकाच नावाची दोन उत्तरं.

गावाकडच्या रीतीने सांगायचं तर सीनेम ही दारावरची पाटी आहे: 'इथे कुणी राहत नाही, जे काही असेल ते पलीकडच्या वाड्यात.' पाटी फक्त पाहुण्यांसाठी आणि टपालपेटी मात्र इथेच, अशी सोय तिच्यात नाही. मी दोन्ही लावून ठेवलं होतं. ज्या पोस्टमनने थेट पेटी शोधली त्याला ती सापडली. ज्याने आधी पाटी वाचली तो पलीकडे निघून गेला. रिझॉल्व्हर एकदा वाचलेली पाटी लक्षात ठेवतो, आणि मी टीटीएल ८६४०० सेकंद ठेवला होता, म्हणजे पुरा एक दिवस. पुढचा वाडा म्हणजे होस्टिंगचा सर्व्हर. त्याच्या नावाला एमएक्स नसला की पाठवणारा मेल सर्व्हर नियमाप्रमाणे त्याच नावाच्या पत्त्यावर मेल पोचवू पाहतो. मुंबईचा सर्व्हर तेच करत होता.

याचा अर्थ लागला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. ज्या कंपनीत कुणीतरी आधी बागेची साइट उघडून भाव पाहिले, तिच्याच रिझॉल्व्हरमध्ये ती पाटी जाऊन बसत होती. तो रिझॉल्व्हर मेल सर्व्हरही वापरत असेल, तर ऑर्डरचं पत्र अडकलंच. आंब्यात सर्वांत जास्त रस असलेला माणूसच आमच्यापासून तुटत होता. माझं चाचणीपत्र अशा कुठल्या वाटेने गेलंच नव्हतं.

त्या रात्री मी आरएफसी १०३४ काढून वाचली. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८७ साली लिहिलेला हा डीएनएसचा पायाभूत दस्तऐवज. ज्या नावाला सीनेम आहे त्याला दुसरी कुठलीही माहिती असू नये, हे त्यात स्पष्ट आहे, आणि कारणही आहे. टोपणनाव आणि खरं नाव यांची माहिती वेगळी निघू नये, आणि साठवलेला सीनेम मूळ सर्व्हरला पुन्हा न विचारता बिनधास्त वापरता यावा. म्हणजे त्या कंपन्यांचे रिझॉल्व्हर अगदी शहाण्यासारखे वागले होते. पुढे डीएनएसच्या सह्यांसाठी थोडी सूट मिळाली, पण एमएक्सला नाही. शिवाय मूळ डोमेनला एसओए आणि एनएस हे दोन रेकॉर्ड असावेच लागतात, म्हणून तिथे सीनेम कधीच बसत नाही, मेल असो वा नसो. बाइंड हा जुना सर्व्हर असा झोन उघडायलाच नकार देतो. काही सेवा असा सीनेम स्वतः सोडवून बाहेर नुसता पत्ता देतात. ते मदतपान बहुधा अशांसाठी लिहिलेलं होतं. आमचं पॅनेल त्यातलं नव्हतं, आणि ते अडवतही नव्हतं. अडवायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

दुरुस्ती पाच मिनिटांची निघाली. मूळ नावावरचा सीनेम काढला, होस्टिंगने दिलेले दोन आयपी पत्ते ए रेकॉर्ड म्हणून घातले, सीनेम फक्त डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू या नावावर ठेवला. टीटीएल ३०० केला, पण लोकांकडे आधीच गेलेल्या पाट्यांवर त्याचा काही उपयोग नव्हता. त्या आपल्या मुदतीनेच उतरणार होत्या. शुक्रवारभर काका आणि मी गेल्या वर्षीची वही घेऊन फोन करत बसलो. ते देवगडहून, मी पुण्याहून. "मेल आला नाही, पुन्हा पाठवू नका, तोंडी सांगा, लिहून घेतो."

शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास मेलपेटी हलली. पाठवणाऱ्या सर्व्हरांनी पत्रं टाकून दिली नव्हती, रांगेत धरून ठेवली होती. एकामागून एक सात आली. सगळ्यात जुनं मंगळवारी दुपारी लिहिलेलं, चाळीस पेट्यांचं. मी लगेच काकांना फोन लावला. ते जागेच होते. "चाळीस? थांब, अढी बघून येतंय," म्हणाले आणि फोन चालू ठेवूनच बॅटरी घेऊन खळ्यात गेले.