हायपो

बर दुबईत मीना बाझारच्या एका गल्लीत मी व्हिसा-पासपोर्टचे फोटो काढतो. वडिलांचा साताऱ्यात स्टुडिओ होता. हायपोचे खडे पाण्यात विरघळवायचं काम माझ्याकडे असे. ते विरघळताना पाणी असं गार पडायचं की बोटं बधिर व्हायची. प्रकाश न लागलेली चांदी हायपो धुऊन काढतं, म्हणून फोटो टिकतो.

2013 साली मुलगी दोन वर्षांची असताना तिच्या यकृतात गाठ निघाली. हेपॅटोब्लास्टोमा. परळच्या टाटात उपचार झाले. बायको तिला घेऊन मुंबईत, मी पगारासाठी इथे. सिसप्लॅटिनची केमो, ऑपरेशन, परत सिसप्लॅटिन. मुलगी वाचली.

कान मात्र त्या औषधापासून वाचले नाहीत. बहिरी नाही ती. वरच्या पट्टीतले आवाज गेले. खाडीवरच्या अब्रा-होडीचं इंजिन तिला स्वच्छ ऐकू येतं, मायक्रोवेव्हची पीप-पीप येत नाही. बोलण्यातले स, श, फ गळतात. इथल्या शाळेत दोन वर्षं प्रगतिपुस्तकावर एकच शेरा होता : लक्ष देत नाही. आम्हीही तिलाच रागावलो. हे आठवलं की अजून मान खाली जाते. सिसप्लॅटिन घेतलेल्या मुलाच्या पालकांना एवढंच सांगेन : शेऱ्यावर सही करण्याआधी श्रवणचाचणी करून घ्या, आणि एकदा नीट आली तरी पुढे करत राहा. श्रवणयंत्रं विम्यात बसली नाहीत, ते वेगळंच रडगाणं.

गेल्या वर्षी यंत्रं बदलायला गेलो, तेव्हा तिथल्या बाई सहज म्हणाल्या, आता मुलांचे कान वाचवायला औषध निघालंय, सोडियम थायोसल्फेट. मी नाव परत विचारलं. हायपो! शिरेतून द्यायचं ते निर्जंतुक, औषधाच्या दर्जाचं असतं हे मला कळतं, पण द्रव्य तेच. बोटं गार पडली.

रात्री वाचत बसलो. अभ्यास नेमका याच आजाराच्या मुलांवर झालेला. सिसप्लॅटिननंतर सहा तासांनी हे द्यायचं. नुसत्या सिसप्लॅटिनवर 63 टक्के मुलांचं ऐकणं बिघडलं, हायपो मिळालेल्यांत 33 टक्के. हे छापून आलं 2018 साली, अमेरिकेत मान्यता 2022 मध्ये. म्हणजे आमच्या डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. त्यांच्या हातात तेव्हा ते नव्हतंच. तरी राग जात नाही, आणि तो धरायचा कुणावर हेही कळत नाही. आमच्या घरात पोत्याने होतं हो ते! आम्ही मोरीत ओतायचो.

उपचारांच्या वर्षी मीच सगळ्यांना फोनवर सांगत होतो, कान गेले तर जाऊ देत, पोर हाताशी राहू दे. मनापासून सांगत होतो. आता पोर हाताशी आहे आणि मी कानांसाठी जागतो. बायको म्हणते, तुला तेव्हाचं काहीच आठवत नाही. टाटात उपचार संपलेल्या मुलांसाठी 1991 पासून वेगळी ओपीडी आहे. दर सुट्टीत ती मुलीला तिथे नेते, शांतपणे रांगेत बसते. मला ते जमत नाही.

परवा व्हिसा नूतनीकरणासाठी मुलीचा फोटो काढला. गिऱ्हाइकाला मी दिवसातून पन्नासदा म्हणतो, केस कानामागे घ्या. तिने यंत्रं झाकायला केस पुढे ओढून घेतले आणि माझ्याकडे बघत राहिली. मी काही न बोलता बटण दाबलं. फोटो परत आला तर परत काढू.